बाजाराच्या दिवशीची गोळी

आमच्या घरात नणंदेची एक ठरलेली थट्टा होती. ती आठ महिन्यांची असताना सासूबाईंना पुन्हा दिवस गेले, तिचं अंगावरचं दूध तोडलं, आणि तिला बकरीच्या दुधावर वाढवलं. पाठचा आला तो माझा दीर. ही गोष्ट सासूबाई पाहुण्यांसमोर, लग्नाच्या मांडवात, कुठेही सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बकरीची हाय ते, म्हनून अशी उड्या मारते." सगळे हसायचे. नणंदही हसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती. ते हसू तिला आतून येत नाही, हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं. पण मी नवी सून. मीही हसायचे.

वयाने ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, तरी नणंद म्हणून मी तिला ताईच म्हणते. तिला वेणी घालायला मी शिकवलं, सायकल माझ्या नवऱ्याने. आणि तिचं बाळंतपण आलं तेव्हा ते मीच करणार, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. कारण तोवर मी आमच्या गावची आशा सेविका झाले होते. बाभुळगाव तालुक्यातलं साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव. कुणाला कितवा महिना, कुणाचं रक्त कमी, कोणत्या लेकराचं वजन वाढत नाही, सगळं माझ्या वहीत. खांद्यावरच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या, निरोध, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या. माझं तोंड फटकळ आहे. गरोदर सुनेला कापूस वेचायला नेणाऱ्या सासूला मी भर चौकात बोलले आहे. गावात माझा थोडा धाक होता, आणि तो मला आवडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती त्या दुपारी, तिला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. पोरगी काळीसावळी, केस भरपूर, जन्मल्यापासून भुकेलेली. पहिल्या तासातच तिने असं काही तोंड लावलं की सिस्टरसुद्धा म्हणाली, हिला शिकवायला नको. नणंद तिच्याकडे पाहतच राहिली होती. मग मला म्हणाली, "वहिनी, मी इले पुरे दोन वर्षं पाजीन. इले कोनी बकरीची नाई म्हनाव."

मी हसले. ती हसली नाही.

थोड्या वेळाने सिस्टर पुन्हा आली. तिने विचारलं, "तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवायची का? आत्ताच बसते, पुन्हा वेगळं यायला नको. दुधाला काही होत नाही." नणंदेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "हाव, बसवून द्या." इतकं सरळ. आमच्याकडे बाईला हे विचारलं की ती आधी दाराकडे पाहते, मग सासूकडे, मग म्हणते की यांना विचारून सांगते. ही पोरगी कळा सोसून तास झाला नव्हता, आणि तिला काय पाहिजे ते तिला ठाऊक होतं. एकदा बसवली की विषय संपला, घरात कुणाला दिसत नाही, कुणाला विचारायचं नाही.

मीच म्हटलं, "थांब."

का म्हटलं, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी गावातल्या एका बाईला मी तांबी बसवून आणली होती. तिला महिनाभर अंगावरून जरा जास्त गेलं. तिची सासू माझ्या दारात आली आणि पूर्ण गल्ली गोळा करून तासभर मला बोलली. पुढे त्या बाईला काही त्रास झाला नाही, आजही तांबी आहे तिला, पण तो तास माझ्या मनातून गेला नव्हता. मी विचार केला, इथे तर नणंदेचं सासर. उद्या जरा काही झालं की म्हणतील, वहिनीने घालून दिली. मग नवऱ्याला ऐकावं लागेल, सासूबाईंना ऐकावं लागेल, नातं नासेल. नाव माझं येईल.

तिला मात्र मी हे सांगितलं नाही. तिला म्हटलं, "ताई, तुहं रक्त आधीच कमी. तांबीनं कधी कधी जास्त जाते. त्यापेक्षा आठवड्याची गोयी घे. तिचाबी दुधावर काई परिणाम नाई, अन् मी हावो ना संग." यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त मी बोलत होते ते त्या कारणासाठी नव्हे.

तिने पोरीचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हनता त राहू द्या. तुम्हाले समजते."

सिस्टर निघून गेली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

सव्वा महिना झाल्यावर गोळी सुरू केली. ही गोळी रोजची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन, ठरलेल्या वारी, आणि पुढे आठवड्यातून एकच. औषध साधं आहे, पण बायांच्या वार लक्षात राहत नाहीत. शेतात सोमवार काय अन् गुरुवार काय, सारखेच. त्यावर मी एक युक्ती काढली होती. आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो. तो दिवस कुणी विसरत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की बाजाराच्या दिवशी घर रिकामं असतं. सासू, सासरा, जाऊ, सगळे पिशव्या घेऊन निघतात, तान्ह्या लेकराची माय तेवढी घरी राहते. ज्या बाईला घरात सांगून गोळी घेता येत नाही, तिला तेवढे दोन तास मोकळे मिळतात. पाकीट काढायचं, गोळी घ्यायची, पाकीट परत लपवायचं. मी सगळ्यांना सांगायचे, बाजाराची गोळी. तालुक्याच्या बैठकीत ही युक्ती सांगितली तेव्हा बाकीच्या आशांनी वहीत लिहून घेतली होती. मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

नणंदेलाही तेच. बाजाराला एक, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी एक. आमच्याकडे लपवायची गरज नव्हती. बुधवारी मी बाजारातून आले की ती पोरीला पाजत बसलेली असायची आणि मला पाहून म्हणायची, "घेतली बापा, नका इचारू." मी तरी विचारायचेच. पोरगी नुसत्या अंगावरच्या दुधावर अशी भरली की वजनकाट्याच्या झोळीत मावेना. सासूबाई मालिश करताना म्हणायच्या, "इच्या मायले एवढं कुठचं भेटलं." नणंद मान खाली घालून पाजत राहायची. पण तिचा तेव्हाचा खुललेला चेहरा पाहायला मिळाला, तेवढ्यासाठी तरी ते सहा महिने चांगले गेले असं मी म्हणते.

बारशाला तिच्या सासूबाई आल्या होत्या, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोट्टी झाली ते ठीक. आता लवकर दुसरं होऊन जाऊ द्या, म्हंजे एका हातानं दोनीबी वाढतीन." वाईट बाई नव्हे. त्यांची स्वतःची पाच अशीच वाढली होती. जावई दारव्ह्याला जिनिंगमध्ये कामाला, स्वभावाने गरीब, आईपुढे न बोलणारे. त्यांना गोळीचं माहीत होतं. ते एवढंच म्हणाले की तुम्ही दोघी पाहून घ्या.

सहा महिने भरले आणि पोरीचं उष्टावण झालं. मामाने म्हणजे माझ्या नवऱ्याने चांदीच्या वाटीतली खीर बोटाने तिच्या जिभेला लावली, तिने ती थुंकली आणि आईकडे तोंड वळवलं. सगळे हसले. त्यानंतरच्या रविवारी पाठवणी. लाडू, दुपटी, पाळण्याची दोरी, सगळं बांधून झाल्यावर मी गोळ्यांची पाकिटं तिच्या साड्यांच्या घडीत ठेवली आणि दम दिल्यासारखं सांगितलं, "आठवड्याले एकच, आता चालू हाय तशीच. सासरी रोज पेटी उघडून बसू नको. सासू बाजाराले गेली का घेजो. दुसऱ्या कोनत्या दिवशी घेऊ नको, घोय होते."

ती म्हणाली, "हाव."

दोन गोष्टी मी बोलले नाही. एक म्हणजे गोळी राहिली तर काय करायचं. आठवण येताच घ्यायची, आणि मधे आठवड्याहून जास्त गेलं तर पुन्हा पहिल्यापासून आठवड्याला दोन. हे मी गावातल्या प्रत्येक बाईला सांगते, पाठ आहे मला. दुसरी म्हणजे, तुमच्याकडे बाजार कोणत्या दिवशी असतो, हे विचारलंच नाही. आमच्या घरात सहा महिने बुधवार म्हणजे बाजार. दुसऱ्या गावी बाजार दुसऱ्या वारी असतो, हे शेंबड्या पोराला कळतं. मला त्या घाईत सुचलं नाही.

तिचा फोन आला तो आखाजीच्या दोन दिवस आधी. शेतातून करत होती. हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, मले कोरड्या उलट्या होऊन राह्यल्या."

मी दुसऱ्या दिवशी तपासणीची पट्टी पिशवीत टाकून निघाले. यवतमाळपर्यंत एसटी, तिथून दारव्हा, दारव्ह्याहून जीप. मे महिन्याचं ऊन. तिच्या गावी पोचले तेव्हा जेवणं होऊन घर जरा शांत होतं. पोरगी आठ महिन्यांची झाली होती, रांगत होती, मला पाहून आधी रडली आणि मग माझ्या पिशवीचा बंद तोंडात घातला. मी आणि नणंद आतल्या खोलीत गेलो. पट्टीवर दोन रेघा आल्या.

ती म्हणाली, "मी एकबी नाई सोडली. तुम्ही सांगतलं तसंच घेतली."

मी म्हटलं, "कोनत्या वारी?"

"बाजाराच्या."

"तुमचा बाजार कवा राह्यते?"

"शनवारी."

मग तिने बोटं मोडत सगळं सांगितलं. माहेरची शेवटची गोळी बुधवारची. रविवारी ती सासरी आली. पुढच्या बुधवारी सासू दिवसभर घरात, आणि बुधवारी बाजारही नाही, म्हणून घेतली नाही, वहिनीने सांगितलं होतं दुसऱ्या दिवशी घेऊ नको. शनिवारची वाट पाहिली, तर त्या शनिवारी धुळवड आली. बाजार भरला नाही, सगळे घरी. पेटी सासूच्या खाटेखाली. त्याच्या पुढच्या शनिवारी घेतली, आणि त्यानंतर दर शनिवारी, एकही चुकवली नाही. बुधवार ते तो शनिवार, सतरा दिवस. वरचं अन्न सुरू झालेलं, म्हणजे नुसत्या दुधावर असताना जो भरवसा असतो तोही संपलेला. तिने कसलीच चूक केली नव्हती. तिने माझं शब्दाला शब्द ऐकलं होतं.

"मंग असं कसं झालं?" तिने विचारलं.

"होते कधी कधी," मी म्हटलं.

मी तिला हेही विचारलं की नको असेल तर दवाखान्यात जाता येतं, मी संगे येते. ती पट्टीकडे पाहत म्हणाली, "नाई. आलं ते आलं. पन इचं दूध तोडू नका म्हना माह्या सासूले. तुम्ही सांगा. तुमचं आयकतीन." एवढंच मागितलं तिने माझ्याकडे. तोवर दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

बाहेर येऊन आम्ही तिच्या सासूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच वाक्याला त्या सुनेला म्हणाल्या, "मंग आजपासून पोट्टीले पाजू नको. गरवार बाईचं दूध लेकराले बाधते."

मी म्हटलं, "बाधत नाई, मावशी. जेवन वाढवलं का पाजता येते. पोटातल्यालेबी काई होत नाई. डॉक्टर बी हेच सांगतीन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "तिच्या पेटीत गोया सापडल्या मले, मागच्या महिन्यात. तुमच्याच पिशवीतल्या ना त्या? मी काई बोलली नाई. म्हटलं, वहिनी आशा हाय, तिले समजते. मंग हे कसं झालं?"

तिचे सासरे ओसरीवर बसले होते, त्यांनी मान वर केली. शेजारची बाई कांदे निवडता निवडता थांबली. मला माझी गल्ली आठवली, तो तास आठवला. मला म्हणता आलं असतं की चूक माझी झाली. तीन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "गोयी चांगली हाय. तिनंच मंधात सोडली असन. इसरली असन."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग सासूकडे वळून म्हणाली, "हाव. मी इसरली."

"पाहा," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "घरच्या पोरीले गोयी घेनं नाई शिकवलं, अन् मले दूध शिकवून राह्यल्या."

माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती, तीही तिच्या मानेवर पाय देऊन. शेजारच्या बाईने अंगणातल्या कडुलिंबाचा पाला तोडून दिला. तिच्या सासूबाईंनी तो पाट्यावर वाटला आणि सुनेच्या हातात दिला. ती आत गेली आणि छातीला लावून आली. पोरगी रांगत आली, पदरात शिरली, तोंड लावलं, आणि थुंकून मागे सरली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा तोंड लावलं. तिसऱ्यांदा तिने लावलं नाही, ती रडायला लागली, आणि ते रडणं भुकेचं नव्हतं.

तोवर सासरे शेजाऱ्याकडून एक लोटी घेऊन आले. चांगल्या मनानेच म्हणाले, "बकरीचं दूध हाय. लेकराले हलकं राह्यते."

नणंद हसली. तेच जुनं हसू. मी ते ओळखलं, आणि माझ्याने तिथे उभं राहवेना. मी चप्पल घातली आणि म्हटलं, "निघते ताई. जीप सुटन."

पुढचं सगळं, जगाच्या हिशेबाने, चांगलंच झालं. थंडीत तिला मुलगा झाला. सासरी पेढे वाटले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं गोळी विसरली. माझा नवरा म्हणाला, भाचा मस्त आहे. तो आहेच मस्त, खोडकर आहे, मला पाहिलं की पिशवी उघडून वजनाचा काटा मागतो. त्याच्याकडे पाहून चूक झाली असं म्हणायला जीभ रेटत नाही. चूक त्याच्यात नव्हतीच. पण पोरगी त्यापुढचं वर्षभर सारखी आजारी पडली. जुलाब, मग खोकला, मग पुन्हा जुलाब. माझ्या काट्यावर फुगलेली ती पोरगी तिथल्या आशेच्या वहीत कमी वजनाच्या पिवळ्या पट्टीत गेली. ते बकरीच्या दुधाने झालं की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. ती सावरली. आणि एका दिवाळीला आमच्या अंगणात, सगळ्यांदेखत, सासूबाई नातीला कडेवर घेऊन म्हणाल्या, "आमच्या घरी बकरीच्या दोघी झाल्या." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

गावात मी बाजाराची युक्ती सांगणं बंद केलं. आता वार सांगते, कॅलेंडरवर खूण करून देते, आणि गोळी राहिली तर काय, ते तीनदा म्हणून घेते. एखादीला तांबी हवी असेल तर मधे तोंड घालत नाही. पण तालुक्याच्या बैठकीत मी कधी उठून सांगितलं नाही की ती युक्ती चुकते, वहीतून खोडून टाका. काही आशा अजून तीच सांगतात, माझ्या नावाने. दर बैठकीला मी ठरवून जाते आणि चहा पिऊन परत येते.

गेल्या उन्हाळ्यात नणंद आठ दिवस राहायला आली होती. पोरगी आता सहा वर्षांची, पहिलीत जाणार. सकाळी आम्ही दोघी गच्चीवर मुगाच्या वड्या घालत बसलो होतो. जुनं धोतर अंथरलेलं, मधे वाटलेल्या डाळीचं पातेलं, ऊन अजून कोवळं. खाली पोरं सासूबाईंना सतावत होती. तिने सहज सांगितलं की मुलगा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने तांबी बसवून घेतली, दवाखान्यात, कुणालाच न विचारता. पाच वर्षं झाली, काही त्रास नाही. मला ते तेव्हा पहिल्यांदा कळत होतं.

मी हातातली वडी घातली आणि म्हटलं, "ताई, तू इसरली नव्हती."

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"चूक माही होती. मी बाजार इचारला नाई. अन् मंग तुह्यावर ढकललं."

"तेबी माहीत हाय. तुम्ही वार इचारला ना, तवाच समजलं. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं."

"मंग हाव काहून म्हनली?"

तिने बोटांना लागलेली डाळ पातेल्याच्या काठाला पुसली. "तुम्ही सगळ्याइले सांगत फिरता. तुमचं खोटं पडलं असतं त पुढं तुमचं कोनी आयकलं असतं का? आमच्या गल्लीतल्या दोघी मले इचारत होत्या त्या गोयीचं. त्याइनं बी सोडली असती." मग म्हणाली, "अन् तुम्ही वहिनी हा."

मला रडू आलं. मी रडले. ती वड्या घालत राहिली, एका रांगेत, सारख्या आकाराच्या, मीच शिकवल्यासारख्या. माझं रडून झाल्यावर ती म्हणाली, "गोयीचं मी तुम्हाले कवाच धरलं नाई, वहिनी. पन त्या दिवशी तुम्ही थांबाले पाह्यजे होतं. पोट्टी सांजलोक रडली. म्या एकटीनं आयकलं. तुम्ही नुसत्या बसल्या असत्या बाजूले, तरी झालं असतं. तुम्हाले जीप होती, समजते मले. जीप गेली असती त मुक्काम पडला असता."

मी मान हलवली. खालून पोरगी ओरडत वर आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि आईने डाळीचे हात वर धरून तिला तसंच राहू दिलं.

दारव्ह्याकडची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्या दुपारी मी जाऊन बसले तेव्हा तिच्यात माझ्याशिवाय दोघंच होते. पाऊण तास ती तिथेच उभी होती, त्यांच्या घराच्या मागच्या वळणावर, आणि पोरीचं रडणं मला तिथवर ऐकू येत होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.